लायसन्सच्या टेस्टच्या आदल्या दिवशी पीयूसी संपलेली!

लर्निंग लायसन्स काढून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते आणि लर्निंग चालतं ६ महिनेच, म्हणून सारथी या सरकारी वेबसाइटवर टेस्टचा स्लॉट घेतला आणि निवांत बसलो. आदल्या संध्याकाळी काकाच्या स्कूटरचे पेपर बघतो तर पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचं सर्टिफिकेट, कधीच संपलेली! मालवणात पंपाजवळच्या सेंटरवर धावलो, झालं काम. वर ब्रेक लाईट पेटेना, आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेने होल्डरला हिरवा गंज चढतो, पॉलिश पेपरने घासला, बल्ब परत बसवला, लागला एकदाचा. पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल चिकटवला. आरसी, इन्शुरन्स, लर्निंग सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचा काय भरवसा. टेस्टला आरटीओच्या साहेबांनी आधी ब्रेक लाईटच बघितली.