पावकी, सवायकी, दिडकी : अपूर्णांक तोंडी कसे बसवावेत

‘सव्वा किलो द्या’ म्हटलं की भाजीवाल्या मावशी वजन होण्याआधीच पैसे सांगतात आणि आपण मोबाइल शोधत बसतो. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा घोकून घेत. रुपयाचे १६ आणे होते, त्यामुळे पाव-पाऊण रोजच लागे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. घरच्या घरी ते पुन्हा शिकता येतात.

सुरुवात पाढ्यांनी नको, काट्यांच्या घड्याळाने करा. सव्वासात, साडेसात, पावणेआठ. सव्वा म्हणजे पाव जास्त, साडे म्हणजे अर्धा जास्त, पावणे म्हणजे पाव कमी. मुलं अडखळतात ती ‘पावणे’पाशी, कारण तोंडी आठ येतो आणि वाजलेले असतात सात. तिथे घाई करू नका. एक-दोनच्या आसपास नेम मोडतो : साडेएक नाही, दीड, साडेदोन नाही, अडीच, पावणेएक नाही, नुसता पाऊण.

मग पावकी. भाकरीचे चार चतकोर ताटात मांडा आणि एकेक उचलत मोठ्याने म्हणा : एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन, आठ पाव दोन. पाचव्या पावाला दुसरी भाकरी लागते, हे मुलाला स्वतःला दिसू द्या. आठवडाभर एवढंच पुरे.

पुढचे पाढे मी तरी घोकायला लावणार नाही. पावकी पक्की असली की ते आपोआप निघतात. दिडकीत संख्येत तिची निम्मी मिळवा : सात दीड साडेदहा. सवायकीत पाव मिळवा : सहा सव्वा साडेसात. पाउणकीत पाव काढा : तीन पाऊण सव्वादोन. अडीचकीत दुप्पट करून निम्मी मिळवा : तीन अडीच साडेसात.

शेकड्यांत एक खाचखळगा आहे. पावणेदोनशे म्हणजे दोनशेतून त्याचा पाव गेला असं समजून कुणी १५० म्हणतं. पाव असतो तो एका शंभराचा, म्हणजे २५, म्हणून १७५. तसंच सव्वाशे १२५, अडीचशे २५०, पाऊणशे ७५. हजार-लाखांनाही हाच हिशेब : सव्वा लाख म्हणजे १,२५,०००.

आता पिशवी घेऊन मंडईत चला. वांगी ४८ रुपये किलो असली तर आधी पावकिलोचे काढून ठेवा : १२. सव्वा किलोला ६०, दीडला ७२. पावणेदोनला दुपटीतून, म्हणजे ९६ मधून, १२ वजा : ८४. भाव ५० असला तर पाव ‘साडेबारा’ येतो. मुलाने न थांबता तसं म्हटलं, तर औटकी सुरू करायला हरकत नाही.