सॅन फ्रान्सिस्कोच्या बीचवर निघालात? आधी स्वेटर घ्या, मग या चुका टाळा

जुलैतला रविवार. खाडीपलीकडच्या आमच्या फ्रीमाँटला पारा ३३ वर. आई सुती साडीत, बाबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, पोरं चड्डी-टीशर्टवर, डिकीत बादली-फावडं. सव्वा तासाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचला उतरलो तर समुद्रच दिसेना, नुसता आवाज. बाबांनी शांतपणे विचारलं, "आज समुद्र बंद असतो का रे?" दहाव्या मिनिटाला सगळे गाडीत, हीटर चालू.

भारतातून आई-बाबा येतात ते बहुधा मुलांच्या सुट्टीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये. धुक्याचा भर नेमका तेव्हाच असतो. या धुक्याला गावाने कार्ल असं नावही ठेवलंय, घरातल्या हट्टी माणसाला ठेवावं तसं.

यामागचं कारण एकदा कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. वसंतापासून वायव्येकडचे वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटतात आणि तळाचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन धुकं धरते. तिकडे आत सेंट्रल व्हॅली हे कॅलिफोर्नियाच्या मधलं मोठं खोरं तापलेलं असतं. तिथली हवा वर गेली की ती पोकळी भरायला समुद्रावरची हवा गोल्डन गेटच्या, म्हणजे खाडीच्या अरुंद तोंडाच्या फटीतून आत घुसते. थोडक्यात, आत जितका उकाडा, तितकी किनाऱ्यावर धुक्याची शक्यता जास्त. म्हणून घरच्या अंगणातलं ऊन बघून बीचचा बेत ठरवणं, ही पहिली चूक. फोनवर 'सॅन फ्रान्सिस्को' एवढंच टाकून हवामान पाहणं, ही दुसरी. मिशन भागात लख्ख ऊन असतं, तेव्हा पाच-सहा किलोमीटरवरच्या, समुद्राकाठच्या सनसेट भागात लोक जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून फिरत असतात. (वस्तीचं नाव सनसेट, आणि कित्येक संध्याकाळी सूर्यास्तच दिसत नाही!) निघण्याआधी ओशन बीचचा थेट कॅमेरा बघा.

साधारणपणे दुपारी बारा ते तीन हा त्यातल्या त्यात मोकळा वेळ. भर हंगामात तोही मिळेलच असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र इथले खरे उबदार महिने. आई-बाबांचं तिकीट अजून काढायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा.

कपडे एकावर एक घाला. कानटोपी घ्या, लाजू नका. फिशरमन्स वॉर्फच्या दुकानांत शहराचं नाव छापलेले स्वेटशर्ट ढिगाने का खपतात, ते पहिल्याच फेरीत कळतं. आणि सनस्क्रीन धुक्यातही लावा. माझं नाक ढगाळ दिवशीच भाजलंय.

पाण्यात उतरू नका

ही चूक सगळ्यांत महाग पडू शकते. आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे गुहागर-दापोली. साडी पोटरीपर्यंत वर धरायची आणि लाटेत उभं राहायचं. इथलं पाणी वर्षातला बराच काळ ११ ते १५ अंश असतं. आईने एकच पाऊल घातलं आणि "अगं बाई, हे तर फ्रीजमधलं पाणी!" म्हणून मागे आली. मागे आली हे बरंच झालं. ओशन बीचची खरी भीती थंडीपेक्षा ओढीची आहे. सुमारे साडेपाच किलोमीटरच्या त्या सरळ किनाऱ्यावर परतीचे जोरदार प्रवाह असतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा, मग वळा. गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसंही इथे ओढली गेली आहेत.

दुसरा धोका स्नीकर वेव्हचा. दहा-पंधरा मिनिटं लाटा गोगलगायीसारख्या येतात, आणि मग एक लाट कोरड्या वाळूवर पार आतपर्यंत चढते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. जवळच्या लँड्स एंड या टोकाच्या खडकांवर तर मुळीच नको.

पोरं ऐकणारच नसतील तर किनारा बदला. खाडीच्या आतलं अ‍ॅक्वाटिक पार्क लाटांपासून सुरक्षित आहे. पाणी तिथेही गारच, पण १८७० च्या दशकापासूनचे पोहण्याचे क्लब तिथे आहेत आणि म्हातारेकोतारे सकाळी आनंदाने डुंबतात. अलामेडाचा क्राउन बीच उथळ आणि त्यामानाने कोमट, लहानग्यांसाठी तोच बरा. स्टिन्सन बीचला उन्हाळ्यात लाइफगार्ड असतात.

पण स्टिन्सनची वाट नागमोडी आहे. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, आल्याच्या वड्या जवळ ठेवा. वाटेत फोनची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. कडक उन्हाच्या शनिवार-रविवारी सगळी बे एरिया (खाडीभोवतालचा हा सगळा परिसर) तिकडेच लोटते. नऊच्या आत पोचलात तर ठीक. 'वाटेत म्यूर वूड्सचं जंगलही उरकू' असं ऐन वेळी ठरवू नका, तिथल्या पार्किंगचं आरक्षण आधी करावं लागतं.

बेकर बीचबद्दल एक कौटुंबिक सूचना. गोल्डन गेट पुलाचा फोटो तिथून झकास येतो, त्यामुळे पाहुणे पुलाच्या दिशेने चालत सुटतात. त्या उत्तर टोकाला लोक विवस्त्र ऊन खात पडलेले असतात. ते कायदेशीर आहे आणि वर्षानुवर्षं चालत आलंय. सासू-सासरे बरोबर असतील तर पार्किंगजवळच थांबा. आम्ही थांबलो नव्हतो. परतीच्या वाटेवर गाडीत फक्त जीपीएस बोलत होतं.

गाडीचं म्हणाल तर सीटवर काहीही ठेवू नका. रिकामी पिशवी नको, चार्जरची वायरसुद्धा नको. काच फोडून सामान नेण्याचे प्रकार इथे नेहमीचे आहेत. सामान डिकीत टाकायचंच असेल तर घरून निघतानाच टाका. बीचवर पोचून डिकी उघडलीत, तर कुठे काय ठेवलंय ते बघणारा बघून घेतो. पासपोर्ट तर घरीच राहू द्या.

जुन्या सल्ल्यावर विसंबून ओशन बीचलगतच्या ग्रेट हायवेवरून जायचं ठरवलं असेल, तर लिंकन वे ते स्लोट बुलेवार्ड हा टप्पा एप्रिल २०२५ पासून सनसेट ड्यून्स नावाचं पार्क झालाय. तिथे आता चालणारे आणि सायकलवाले. बाबांना हाच भाग सगळ्यांत आवडला: सपाट रस्ता, बाजूला समुद्र, वाळूत पाय रुतत नाहीत. गाडी नकोच असेल तर एन जूडा ही ट्राम थेट बीचजवळ सोडते.

शेकोटीचा बेत असेल तर शहरात ती ओशन बीचवरच, जिना क्रमांक १५ ते २० च्या मधल्या ठरलेल्या कुंडांत आणि मार्च ते ऑक्टोबरमध्येच करता येते. कुंडं राखून ठेवता येत नाहीत, जो आधी येईल त्याची. लाकडं आपली न्यायची. खिळे असलेल्या फळ्या जाळायच्या नाहीत. दारू आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे. हवा खराब असल्याचा इशारा असेल तर शेकोटीही बंद.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते ऑक्टोबरात. मक्याची कणसं, तिखट-मीठ, लिंबू आणि दोन थर्मास चहा. आभाळ स्वच्छ होतं. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा बाबा कानटोपी खाली ओढत म्हणाले, "आज उघडा आहे वाटतं."