शेळीच्या कानातली तीन हाडं कशी काढायची
खाटकाकडून उस्मानाबादी शेळीचं मुंडकं न भाजलेलं घ्या. आचेनं कानाचा पडदा जळतो. कवटीच्या तळाशी, जबड्याच्या सांध्यामागे फुगीर पोकळ हाड लागेल. ते पकडीनं कडेकडेनं फोडा. मधोमध दाबलंत की आतलं सगळं चुरतं. पडद्याला चिकटलेलं पहिलं हाड दिसेल, ते हातोडी; वरच्या खोबणीत दुसरं, ऐरण. तिसरं, रिकीब, सगळ्यात आत, तांदळाच्या दाण्याहून लहान, चटकन हरवते. म्हणून खाली काळं कापड अंथराच. हाडं साफ करायला ब्लीच वापरू नका, हाड ठिसूळ होतं. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड बरं.

आता कोंबडीचं डोकं घ्या. कानात काडीसारखं एकच हाड! हातोडी-ऐरणीशी मूळ एकच असलेली हाडं तिच्या जबड्याच्या सांध्यात आहेत. सस्तन प्राण्यांत ही हाडं गर्भात जबडा जिच्यातून बनतो त्याच कमानीतून घडतात, हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल राइखर्ट यांनी 1837 मध्ये डुकराच्या गर्भांवरून दाखवलं.