सरकारी भूवैज्ञानिक नकाशांवरून शिवारातील पाण्याचा अंदाज कसा घ्यावा

नाशिक जिल्ह्यात नवी विहीर खोदण्याचा किंवा बोअर घेण्याचा निर्णय बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर, घाईघाईत आणि शेजाऱ्याला किती फुटांवर पाणी लागले एवढ्याच माहितीच्या आधारे घेतला जातो. वास्तविक ज्या जमिनीत आपण पैसा घालणार आहोत, तिचा अभ्यास सरकारी खात्यांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून देशातील खडकांची पाहणी करीत आहे, केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून जलधरांचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांच्या थरांचे, राष्ट्रीय मानचित्रण हाती घेतले आहे, आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी कित्येक दशके नोंदवीत आली आहे. ही माहिती लोकांच्या पैशातून तयार झाली आहे आणि लोकांनी ती वापरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मात्र कोणताही सरकारी नकाशा अमुक बांधाशेजारी खोदा असे सांगत नाही. थर कसे आहेत आणि ते किती उंचीवर आहेत, एवढेच त्यावरून कळते. पुढचे काम आपल्या शिवारात जाऊन आपणच करायचे असते.

आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. चांदवडच्या किंवा सप्तशृंगीच्या डोंगराकडे दुरून पाहिले, तरी त्यावरचे आडवे पट्टे आणि पायऱ्या स्पष्ट दिसतात. अनेक थरांत खालचा भाग घट्ट कातळाचा आणि वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या मांजऱ्या खडकाचा असतो, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या गेरूसारखा पट्टा असतो. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्याच्या सांध्यांत आणि कातळाच्या भेगांत. अखंड कातळ जवळजवळ कोरडाच असतो. हे थर बहुतांशी आडवे असल्यामुळे पाणी किती फूट खोल आहे यापेक्षा पाण्याचा थर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढील सर्व कृती याच प्रश्नाभोवती फिरते.

पहिले काम म्हणजे आपल्या गावाचे भूपत्रक, म्हणजे जमिनीचा चढउतार आणि ओढे-नद्या दाखवणारा नकाशा, मिळवणे. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढ्या चौकोनाची असतात. नाशिक शहराच्या बाबतीत येथे एक अडचण येते. २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते, त्यामुळे पंचवटीचा भाग ४६ एच/१६ या पत्रकावर, तर नाशिकरोड ४७ ई/१३ या पत्रकावर येतो, आणि सातपूरकडे, पश्चिमेला सरकले की पुन्हा पत्रक बदलते. म्हणून एकच पत्रक घेऊन न थांबता शेजारचीही घ्यावीत आणि त्यांवर आपल्या ओढ्याचा उगमापासून नदीपर्यंतचा सारा मार्ग रंगीत पेन्सिलीने गिरवावा. समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून, उतार कोणीकडे आहे आणि आपले शेत पाणलोटाच्या माथ्यावर, मधल्या पट्ट्यात की पायथ्याशी आहे, हे याच टप्प्यावर ठरते.

त्यानंतर भूवैज्ञानिक नकाशा पाहावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर तो उपलब्ध आहे. त्यातील रंगांकडे फार वेळ पाहत बसू नये, कारण आपल्याकडे मोठाल्या क्षेत्राला एक-दोनच रंग असतात. नावांचा मात्र गोंधळ होतो. सर्वेक्षणाच्या नकाशात बागलाणातल्या साल्हेर किल्ल्यावरून नाव पडलेला साल्हेर शैलसमूह आणि त्यावरील रतनगड शैलसमूह आढळतात, तर विद्यापीठीय संशोधनात त्याच प्रदेशातील खडकांना जव्हार, इगतपुरी अशी नावे दिलेली असतात. पहिली विभागणी प्रामुख्याने खडकाच्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्वरूपावरून, तर दुसरी मुख्यतः त्याच्या रासायनिक घटकांवरून केलेली आहे. त्यामुळे एका पद्धतीतील नाव दुसरीत शोधू नये. विहिरीसाठी महत्त्वाच्या गोष्टी तीन आहेत: नदीकाठचे गाळाचे पट्टे, लांबवर सरळ जाणाऱ्या भेगांच्या रेषा आणि डाइक, म्हणजे उभ्या भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती. डाइक उताराला आडवी गेली असेल आणि घट्ट असेल, तर वरच्या अंगाला पाणी अडते आणि खालच्या अंगाच्या विहिरी लवकर आटतात. तीच डाइक भेगाळलेली असेल, तर पाणी तिच्या लांबीने वाहत जाते. यापैकी नेमके काय घडते, ते दोन्ही अंगांच्या विहिरी पाहिल्याशिवाय समजत नाही. शिवाय १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि अर्ध्या मिलिमीटरची रेघच २५ मीटर जागा व्यापते. त्यामुळे त्या रेघेवर बोट ठेवून खुंटी ठोकता येत नाही.

तिसरा टप्पा पाण्याच्या नोंदींचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने संपूर्ण राज्य लहान पाणलोट क्षेत्रांत विभागले असून प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. यंत्रणेच्या नाशिक येथील वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात आपल्या गावाचा पाणलोट क्रमांक विचारावा आणि जवळच्या निरीक्षण विहिरीच्या किमान दहा वर्षांच्या नोंदी मागाव्यात. यंत्रणा या नोंदी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा घेते, तर केंद्रीय भूजल मंडळ जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये घेते. म्हणून दोघांचे आकडे एकाच आलेखात मिसळू नयेत. आलेखात ऑक्टोबरची पातळी दरवर्षी जागेवर येत असेल आणि केवळ मेची पातळी खाली जात असेल, तर थर भरतो आहे पण उपसा वाढला आहे, असे समजावे. ऑक्टोबरची पातळीच वर्षानुवर्षे खाली सरकत असेल, तर उपशाची भरपाई पाऊस करू शकत नाही, आणि अशा ठिकाणी नव्या विहिरीने फक्त शेजाऱ्याचे पाणी आपल्याकडे येते. तालुक्याचा किंवा पाणलोटाचा भूजल विकासाचा टक्काही, म्हणजे उपसण्याजोग्या वार्षिक पाण्यापैकी शेकडा किती उपसले जाते तेही, पाहावे: ७० पर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित. सुरक्षित या शब्दाने मात्र निर्धास्त होऊ नये. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या घाटाकडील तालुक्यांत पूर्वेकडील येवला-नांदगावच्या कितीतरी पट पाऊस पडतो, तरीही तीव्र उतार आणि उघडा कातळ यांमुळे पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

खडकात किती पाणी मावते, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. केंद्रीय समितीच्या १९९७ च्या भूजल अनुमान पद्धतीत सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पावसाच्या सुमारे १३ टक्के, झिजलेल्या बेसाल्टमध्ये ७ टक्के आणि अखंड खडकात अवघे १ टक्का पाणी मुरते, असे धरलेले आहे. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के मानतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्रात पावसाळ्यानंतर पातळी चार मीटरने वर आली, तर साठा होतो १०,००० गुणिले ४ गुणिले ०.०२, अर्थात ८०० घनमीटर किंवा आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८० टँकर एवढाच हा साठा आहे. द्राक्षबाग किंवा उन्हाळ कांदा लावण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर असला पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे विहिरींची फेरी. आपल्या शेतापासून तीन-चारशे मीटरच्या परिसरातील उघड्या विहिरी पाणी तळाला गेलेले असताना पाहाव्यात. दुपारी ऊन थेट आत उतरते तेव्हा भिंतीवरचे थर वाचता येतात: वर माती, खाली पिवळसर मुरूम, मग सरळ उभ्या भेगांचा काळा कातळ, आणि त्याखाली पांढरे ठिपके असलेला, कुदळीने ढलप्या निघणारा मांजऱ्या. या मांजऱ्याच्या वरच्या काठाला बऱ्याचदा ओलीची आडवी रेघ असते आणि तेथेच नेच्याची झुडपे रुजलेली दिसतात. तो झरा. मालकाने आडवे बोअर मारले असतील, तर ते कोणत्या थरात आणि कोणत्या दिशेला मारले आणि त्यांपैकी कोणते चालले, हे जरूर विचारावे. कोणी फुटांत सांगेल, कोणी परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात, म्हणून दोरीला खुणा करून खोली स्वतः मोजावी.

मग प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची काढावी. मोबाइलवरील उंचीत कित्येक मीटरची चूक असू शकते, आणि भूपत्रकावरील समोच्च रेषांत सहसा २० मीटरचे अंतर असते, म्हणून सर्वेक्षकाकडून डंपी लेव्हलने, म्हणजे उंचीतील फरक मोजणाऱ्या दुर्बिणीच्या उपकरणाने, मोजून घेणे चांगले. समजा सिन्नरच्या बाजूच्या एका शिवारात पहिल्या विहिरीचा काठ ६५२ मीटरवर आहे आणि मांजऱ्या ९ ते १३ मीटर खोल आहे. म्हणजे तो थर ६४३ ते ६३९ या उंचीवर आहे. दुसऱ्या विहिरीचा काठ ६४७ वर आणि मांजऱ्या ५ ते ९ मीटरवर, म्हणजे ६४२ ते ६३८. खोलीचे आकडे वेगळे असले, तरी थर तोच आहे. आपली जागा ६४९ वर असेल, तर तो साधारण ६ ते ११ मीटरच्या दरम्यान लागावा. ओढ्याचा तळ ६३८ वर असेल, तर हा थर ओढ्याच्या काठात उघडा पडला असणार आणि पावसाळा संपल्यावर त्यातील पाणी ओढ्यात पाझरून जाणार, म्हणून अगदी काठावरची जागा टाळून वरच्या अंगाला सरकावे. थरांना थोडा उतार असतोच. अर्ध्या अंशाच्या उतारानेही एक किलोमीटरमध्ये जवळजवळ नऊ मीटरचा फरक पडतो, म्हणून हे गणित लांबच्या शिवाराला लावू नये. याच गणितावरून विहीर की बोअर, हेही ठरते. पाण्याचा चांगला थर दहा मीटरवर असताना खोल बोअर घेतले आणि वरच्या भागाला केसिंग, म्हणजे बंद पाइप, टाकले, तर तेच पाणी बाहेर अडून राहते आणि खाली कातळात निव्वळ पैसे मुरतात.

यानंतर विद्युत रोधकता चाचणी, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडक तिला किती अडवतो हे मोजण्याची चाचणी, करून घ्यावी, आधी नव्हे. कोरडा अखंड कातळ जास्त रोधकता दाखवतो आणि पाणी धरलेला भेगाळ खडक कमी. परंतु चिकणमाती आणि तांबडा पट्टाही कमीच दाखवतात, त्यामुळे विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय त्या आलेखावर भरवसा ठेवू नये. पाणाड्याला बोलावण्याची रीत गावोगाव आहे. त्याने दाखवलेली जागाही थरांच्या याच उंचीवर तपासून घ्यावी. दिंडोरी रोडवरील मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणे, बांधकाम साहित्य आणि जलाशयातील गाळ यांचा अभ्यास करते. आपल्या विहिरीच्या प्रश्नासाठी जागा ती नव्हे.

खोदण्यापूर्वी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मधील अटी तपासाव्यात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध आहेत, आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला कायदा खोल विहीर मानतो व तिला वेगळे नियम लावतो. आपला भाग अधिसूचित आहे का, हे वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयातच विचारावे. खोदाई सुरू झाल्यावर दर मीटरला निघालेल्या खडकाची मूठभर चुरी खोली लिहिलेल्या पिशवीत भरून ठेवावी, पाणी कोणत्या खोलीवर लागले ते त्याच दिवशी लिहावे, आणि काठाच्या उंचीसह ती नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि यंत्रणेच्या कार्यालयात द्यावी. कोरड्या गेलेल्या बोअरची नोंदही तितकीच काळजीपूर्वक करावी आणि द्यावी.