एमपीडीएचा आदेश निघाला? हेबियस कॉर्पसची तयारी घरूनच सुरू करा

एमपीडीए (सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरवलेल्या माणसाला खटला न चालवता आत ठेवण्याचा महाराष्ट्राचा कायदा) लागला की घरची माणसं जामिनासाठी धावतात. मी जालन्यात विधी स्वयंसेविका आहे. अशा घरी गेले की पहिलं हेच सांगते, माय, अशा स्थानबद्धतेला जामीन नसतो. तो आदेशच रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडवण्याची याचिका, करायची. आई, बायको, भाऊ, कुणीही करू शकतं. मात्र साध्या गुन्ह्यात अटक होऊन मॅजिस्ट्रेटनं कोठडी दिली असेल तर ही याचिका सहसा टिकत नाही, तिथं जामिनाचाच अर्ज करा.

वकील लावायला पैसे नसतील तर थांबू नका. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा.

आता कागद. आदेशासोबत आतल्या माणसाला जाड गठ्ठा मिळतो: कारणं, जुने एफआयआर, नाव झाकलेल्या साक्षीदारांचे जबाब. तो तसाच जपा. पिना काढू नका, पानं पुढंमागं करू नका, वाचायला झेरॉक्स घ्या. आदेशाची, ताब्यात घेतल्याची आणि कागद मिळाल्याची, अशा तिन्ही तारखा वहीत लिहा. आदेशापासून 12 दिवसांत सरकारची मंजुरी लागते. ताब्यात घेतल्यापासून 5 दिवसांत कारणं हातात, 3 आठवड्यांत प्रकरण स्थानबद्धता योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढं आणि 7 आठवड्यांत मंडळाचा अहवाल. खटला न चालवता माणूस 12 महिने आत ठेवता येतो. एवढा अधिकार वापरणाऱ्यानं एकही तारीख चुकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग एकेक पान उजेडात धरून वाचा. हातभट्टीच्या प्रकरणात रासायनिक तपासणीचा अहवाल हमखास इंग्रजीत असतो. त्याचं मराठी भाषांतर जोडलंय का? झेरॉक्सची झेरॉक्स होऊन काळं पडलेलं पान आहे का? त्यावर खूण करा. न कळणारा कागद देणं म्हणजे न दिल्यासारखंच, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(5) नं दिलेला निवेदनाचा, म्हणजे आदेशाविरुद्ध सरकारकडं म्हणणं मांडण्याचा, हक्क त्यानं पोकळ होतो. निवेदन जेलमधूनच पाठवा, पोच घ्या. सरकारनं ते विनाकारण रखडवलं तर तोही मुद्दा होतो.

गुन्हे घरगुती भांडणाचे, भावकीच्या बांधाचे असतील तर वकिलाला आवर्जून सांगा. त्यानं गावाची सार्वजनिक सुव्यवस्था बिघडत नाही, आणि हा फरक कोर्ट बारकाईनं बघतं.

निकाल हाती आला की आधी शेवटचं पान वाचून घ्या. आदेश रद्द झाला तरी ‘इतर गुन्ह्यात आवश्यक नसल्यास’ सोडावं, असं तिथं बहुधा लिहिलेलं असतं. म्हणून याचिका चालू असतानाच बाकीच्या प्रत्येक गुन्ह्यातला जामीन करून ठेवा, जामीनदाराचा सातबारा आणि आधार तयार ठेवा. निकालाची प्रत संभाजीनगरच्या हर्सूल जेलला पोचली का, हे त्याच दिवशी वकिलाकडून विचारून घ्या.