डेटाबेसमध्ये काही सापडत नव्हतं, ते असं सुटलं

लायब्ररीच्या काउंटरवर वाचक विचारायचे, किशोरवयीन मुलांच्या झोपेवर काही आहे का, आणि स्टाफ अख्खं वाक्य सर्च बॉक्समध्ये टाकायचा, मग एकतर ढीगभर रिझल्ट नाहीतर भोपळा. ट्रेनिंगच्या स्लाइड्स बघून काही डोक्यात शिरलं नाही (कुणाच्या शिरतं?), म्हणून वाचकांचे खरे प्रश्न घेऊनच बसलो. पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांचा डेटाबेस) आधी मेश, म्हणजे त्यातली ठरलेल्या विषय-शब्दांची यादी, बघायचं, तिथे टीनएजरला अॅडोलेसंट हेडिंग आहे, ते आणि स्लीप मध्ये अँड टाकून जोडलं की यादी आटोक्यात येते. आणि हो, शब्द अवतरण चिन्हात टाकले की पबमेड आपोआप समानार्थी शब्द शोधत नाही, त्यामुळे ती जपून वापरा. लेखाच्या फुल टेक्स्टला पैसे मागितले तर अनपेवॉल (लेखांच्या मोफत प्रती शोधून देणारं टूल) बघतो, बऱ्याचदा फुकट कॉपी मिळून जाते.