आपल्या गावच्या संपाचा इतिहास कसा लिहावा : खानदेशातील नव्या अभ्यासकांसाठी

जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे या गिरणीच्या गावांत किंवा भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या माणसाने घरात कधी ना कधी ‘संपाच्या साली’ हे शब्द ऐकलेले असतात. ते साल कोणते, संप कशासाठी होता, इंग्रजी राजवटीविरुद्धच्या लढ्याशी त्याचा संबंध होता की नव्हता, असे विचारले की उत्तर बहुधा ‘गांधीजींच्या वेळचा’ एवढ्यावर थांबते. त्या उत्तरापासून कागदपत्रांपर्यंत आणि कागदपत्रांकडून पुन्हा माणसांपर्यंत कसे जावे, ते येथे सांगितले आहे.

आरंभी वर्षाच्या मागे न लागता काम कोणते होते ते निश्चित करावे. खानदेशातले श्रमाचे जग एकजिनसी नव्हते. जळगावात १८७० च्या दशकात कापडगिरणी उभी राहिली आणि अमळनेरला प्रताप शेठजींनी १९०६ मध्ये गिरणी काढली. तेथील साचेवाला (मागावरचा विणकर) आणि बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला) बारमाही भोंग्याला बांधलेले होते. जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधण्याच्या, कारखान्यांत कापूस येत असेपर्यंतच काम असे, आणि तेथे बायकांची संख्या मोठी होती. शेतावरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरे आणि पुढच्या आखाजीपर्यंत बांधला जाई. यांपैकी गिरणीकामगाराचा संप सरकारी कागदात सापडण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. जिनमधला दोन दिवसांचा बंद क्वचितच सापडतो आणि सालदाराचे काम सोडून जाणे तर जवळजवळ कधीच सापडत नाही. कागदावर नाही म्हणून घडले नाही, असा निष्कर्ष मात्र कोणीही काढू नये.

दुसरे काम जिल्ह्याच्या नावाचे आहे, आणि ते थोडक्यात उरकता येते. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्यानंतर जळगाव मुख्य ठाणे असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्य ठाणे असलेला पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. अमळनेर व चाळीसगाव पूर्वेकडे आणि नंदुरबार, शहादे, तळोदे पश्चिमेकडे शोधावे. जुन्या इंग्रजी कागदांत धुळ्याचे नाव ‘धुलिया’ असे येते, हे ध्यानात ठेवले म्हणजे सूचीतली नोंद हातून निसटत नाही.

आता मुख्य कागदांकडे वळू. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ पासून ‘लेबर गॅझेट’ नावाचे इंग्रजी मासिक काढले. त्यात औद्योगिक तंट्यांचा तक्ता छापला जाई, आणि कारखान्याचे नाव व ठिकाण, संपात असलेल्या कामगारांची संख्या, आरंभाची व शेवटाची तारीख, कारण आणि निकाल हे सारे त्यात एका ओळीत मिळते. ती ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी. आपल्या शब्दांत सारांश नंतर करावा. राजकीय बाजूसाठी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातील (जुने सरकारी कागद जपणाऱ्या दफ्तरातील) गृह खात्याच्या ‘विशेष’ शाखेच्या फायली पाहाव्यात. हे दफ्तर काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जाण्यापूर्वी महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे पत्र, ओळखपत्र आणि शोधावयाच्या वर्षांची यादी तयार ठेवावी. घराजवळ धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ही इतिहास-संशोधनाची संस्था आहे. मुंबईचा प्रवास ठरवण्याआधी तेथे एक दिवस बसावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तारखा हाती आल्या की खरे काम सुरू होते. एका मोठ्या कागदावर तीन स्तंभ आखावेत : पहिला राजकीय घटनांचा, दुसरा महागाई व मजुरीचा, तिसरा शेतीच्या हंगामाचा. संपाची तारीख तिन्ही स्तंभांसमोर ठेवून पाहावी, कारण आपल्याकडील चुका बहुतेक येथेच होतात. एक उदाहरण घेऊ. भुसावळ हे ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मोठे जंक्शन होते, त्या रेल्वेत ४ फेब्रुवारी १९३० रोजी संप सुरू झाला, तर गांधीजी दांडीला निघाले १२ मार्च रोजी. म्हणजे तो संप मिठाच्या सत्याग्रहातून निघाला, असे म्हणता येणार नाही. पुढे सत्याग्रह पेटल्यावर संपकऱ्यांनी त्याच्याशी नाते जोडले काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारावा. याउलट टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणीकामगारांनी २३ जुलैपासून सहा दिवस काम बंद ठेवले. तेथे कारण आणि परिणाम यांत जेमतेम एका रात्रीचे अंतर आहे. दुसऱ्या स्तंभासाठी खानदेशच्या अभ्यासकाला एक सोय आहे. जळगावच्या कामगार कुटुंबांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक ऑगस्ट १९३९ हा पाया धरून काढला जात असे. महायुद्धाच्या काळातला संप तपासताना तो आकडा आणि महागाई भत्ता शेजारी शेजारी लिहिले, तर पुष्कळ भाषणांपेक्षा अधिक कळते.

पुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळू नये. खानदेशातल्या गिरण्यांचे मालक गोरे नव्हते. अमळनेरला ज्या प्रताप शेठजींची गिरणी होती, त्यांच्याच दानातून शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. त्यांच्या नावाच्या शाळेत साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले, आणि पुढे त्याच अमळनेरात गिरणीकामगारांच्या बाजूने उभे राहिले. शिवाय १९३७ च्या जुलैपासून १९३९ च्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, आणि त्याच मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. म्हणून प्रत्येक संपाबाबत मालक कोण, त्या दिवशी सरकार कोणाचे आणि बंदोबस्त कोणाच्या हुकमाने, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. सगळ्यांना ‘इंग्रजांविरुद्धचा लढा’ या एका पोत्यात भरणे हा त्या कामगारांवर अन्याय आहे; त्यांनी जे मागितले तेच त्यांच्या नावावर लिहिले गेले पाहिजे.

छापील माहिती अंतराशी ताडून पाहण्याची सवयही लावून घ्यावी. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि त्याच वेळी तेथे अखिल भारतीय किसान सभेचेही अधिवेशन भरले. त्यासाठी पाचशे शेतकरी मनमाडहून दोनशे मैलांहून अधिक चालत आले. आता मनमाड ते भुसावळ हे लोहमार्गाचे अंतर १८४ किलोमीटर, म्हणजे साधारण ११५ मैल आहे आणि फैजपूर तेथून जवळच. मग उरलेले मैल कोठे गेले? जथा सरळ आला नाही, गावोगाव वळत आला, हाच त्याचा अर्थ. ती गावे कोणती, हे रुळालगतच्या आणि रुळापासून दूरच्या गावांत विचारत फिरणे हा एका उन्हाळ्याच्या सुट्टीला पुरेल असा, मनापासून करावा असा अभ्यास आहे.

सरकारी शब्दही तपासून घ्यावेत. १८५२ मध्ये जमीनमोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतले शेतकरी एकत्र जमले, तेव्हा साहेबाच्या कागदात त्याला दंगा म्हटले गेले. उतारा घेताना तो शब्द अवतरणात ठेवावा. आपल्या वाक्यात मात्र लोक जमले, मोजणी अडवली, सैन्य आले, असे घडले तसे लिहावे.

मुलाखतींसाठी आता बहुतेक ठिकाणी मुले, सुना आणि नातवंडेच भेटतील. अहिराणीत विचारावे आणि उत्तर अहिराणीतच उतरून घ्यावे. मराठी अर्थ खाली द्यावा. ‘आंदोलनात तुमचा सहभाग काय होता?’ असे मी एका आजींना विचारले, तेव्हा त्या गप्प राहिल्या. ‘संपमा घर कसं चालनं, माय?’ असे विचारल्यावर उधारी देणारा दुकानदार, मोडलेले दागिने, माहेराहून आलेले दादरचे (रब्बी ज्वारीचे) पोते, असे एकेक करून सारे वर्ष त्यांनी समोर ठेवले. पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, गिरणीचा पास असे काही घरात असल्यास त्याचे छायाचित्र तेथेच घ्यावे, मूळ कागद घरीच राहू द्यावा.

लिहिताना नावांना जागा द्यावी. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात गेलेल्या शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा या पाच मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण गावाने ती जपली. संपकरी कामगार तक्त्यात केवळ संख्या म्हणून उरतो. म्हणून मुलाखतीत आलेले प्रत्येक नाव, त्याचे गिरणीतले खाते (विभाग) आणि तो कोणत्या गावाहून गिरणीत आला, ही नोंद घरच्यांच्या संमतीने यादीत करावी. नाव घरात जसे उच्चारतात तसेच लिहावे आणि पूर्ण झालेल्या यादीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.